मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा अहवाल कसा वाचावा: युरोपातील मातृवंश आणि न्यायवैद्यक पुरावा

‘१६१११ टी, १६३५७ सी, २६३ जी, ३१५.१ सी.’ न्यायवैद्यक अहवालात अशी एखादी ओळ असते, तिच्याखाली ‘दोन्ही नमुने जुळतात’ असे वाक्य असते आणि नवख्या वाचकाची नजर साहजिकच त्या वाक्यावर खिळते. त्या वाक्याचे मोल मात्र वरच्या ओळीवरून ठरते. ही ओळ रशियाची अखेरची सम्राज्ञी अलेक्झांड्रा हिच्या अस्थींतून मिळालेली आहे. तिचा अर्थ लावता आला की पुढचे बहुतेक अहवाल वाचता येतात. कायद्याचे व न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार आणि अशा पुराव्याशी पहिल्यांदाच गाठ पडलेले वकील डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. उदाहरणे मुख्यतः युरोपातील घेतली आहेत, कारण तिथल्या लोकसमूहांचे मातृवंश बारकाईने तपासले गेले आहेत आणि या पुराव्याची ताकद व मर्यादा दोन्ही तिथल्या गाजलेल्या प्रकरणांत स्पष्ट दिसतात.

पहिली पायरी: नमुना कशाचा आहे ते पाहा

पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये, मात्र स्वतःचा एक छोटा वर्तुळाकार डीएनए असतो आणि त्याच्या एका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असू शकतात. म्हणून मूळ नसलेला केस, अनेक दशके जमिनीत राहिलेले हाड किंवा जळालेल्या देहातील दात अशा नमुन्यांतून केंद्रकीय डीएनए मिळाला नाही तरी मायटोकॉन्ड्रियल डीएनए हाती लागण्याची शक्यता बरीच असते. अमेरिकेच्या एफबीआयमध्ये आधी सूक्ष्मदर्शकाखाली आणि मग या डीएनएने तपासलेल्या केसांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाने ‘जुळतात’ म्हटलेल्या ८० तुलनांपैकी ९ तुलना डीएनएने सरळ फेटाळल्या.

याची दुसरी बाजू अशी की हा डीएनए एका व्यक्तीची ओळख पटवू शकत नाही. रक्त, लाळ किंवा मुळासकट केस उपलब्ध असताना कोणी केवळ मायटोकॉन्ड्रियल तपासणीचा अहवाल पुढे केला, तर केंद्रकीय तपासणी का झाली नाही, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरी पायरी: वंशावळ काढा, रेघ फक्त स्त्रियांच्या खालून ओढा

मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढे तो केवळ मुलींमार्फत जातो. मराठी वाचकाला हे समजणे इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जावे, कारण इंग्रजीतल्या ‘कझिन’ या एका शब्दात जे चौघे कोंबलेले असतात, त्यांना आपण मुळातच वेगवेगळी नावे दिली आहेत. तुमचा मामा, मावशी आणि मावसभावंडे तुमच्याशी जुळतील. मामेभाऊ जुळणार नाही, कारण त्याला मामीचा डीएनए मिळालेला असतो. आत्या आणि आत्येभाऊ तुमच्या वडिलांशी जुळतील, तुमच्याशी नाही. संदर्भ नमुना कोणाचा घ्यायचा, हे ठरवताना कागदावर हा नकाशा काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रशियातील येकातेरिनबुर्ग शहराचे प्रकरण याच नकाशावर उभे राहिले. १९१८ च्या जुलैमध्ये झार निकोलस दुसरा, त्याचे कुटुंब आणि सेवक यांची तिथे हत्या झाली, आणि १९९१ मध्ये शहराजवळच्या एका खड्ड्यातून नऊ सांगाडे बाहेर काढण्यात आले. पीटर गिल, पावेल इवानोव आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत सम्राज्ञीच्या संदर्भासाठी ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांचे रक्त घेतले होते. फिलिप यांच्या आईची आई ही अलेक्झांड्राची सख्खी बहीण, म्हणजे सम्राज्ञी त्यांची मावसआजी. ही साखळी पूर्णपणे स्त्रियांमधून जात असल्यामुळे फिलिप, सम्राज्ञी आणि तिच्या तीन मुली यांची ओळ एकच निघाली. झारसाठी मात्र वेगळे नातेवाईक शोधावे लागले, कारण बापाचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मुलांत उतरत नाही. उरलेल्या दोन अपत्यांचे अवशेष २००७ मध्ये जवळच सापडले, तेव्हा युवराज अलेक्सेईच्या हाडांत हीच ‘१६१११ टी, १६३५७ सी’ ओळ अपेक्षित होती आणि तीच मिळाली. त्या मुलांचा पिता झार हाच होता, हे ठरवायला केंद्रकीय डीएनए आणि बापाकडून फक्त मुलग्यांना मिळणारे वाय गुणसूत्र यांचा आधार घ्यावा लागला.

तिसरी पायरी: क्रमांकांची भाषा शिका

या डीएनएत सुमारे १६,५६९ अक्षरे असतात आणि ती ए, टी, सी, जी या चारच प्रकारची असतात. सगळी अक्षरे लिहीत बसण्याऐवजी एका ठरलेल्या प्रमाण क्रमाशी तुलना करून फक्त फरक लिहिण्याची पद्धत आहे. हा प्रमाण क्रम १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९९ मध्ये पुन्हा तपासून सुधारण्यात आला. सुधारताना ३१०७ या जागी एक अक्षर चुकून जास्त धरले गेल्याचे लक्षात आले. ते काढून पुढचे सगळे क्रमांक बदलले असते तर तोवरचे सर्व साहित्य निरुपयोगी झाले असते, म्हणून ती जागा रिकामी ठेवून क्रमांक तसेच राहू दिले. चाळीतली एक खोली पाडली म्हणून पुढच्या खोल्यांवरचे आकडे कोणी पुसत नाही, तसेच हे.

आता आरंभीची ओळ वाचू. ‘१६१११ टी’ म्हणजे १६१११ या जागी प्रमाण क्रमात सी आहे, पण या नमुन्यात टी आहे. ‘३१५.१ सी’ म्हणजे ३१५ नंतर एक सी जादा आहे. दशांशचिन्हानंतरचा आकडा भर पडल्याचे सांगतो. ‘२६३ जी’ आणि ‘३१५.१ सी’ ही दोन चिन्हे पाहून मात्र कोणी हुरळून जाऊ नये. प्रमाण क्रम ज्या युरोपीय व्यक्तीवरून प्रामुख्याने घेतला गेला, तिच्यात २६३ या जागी एक दुर्मीळ अक्षर होते, त्यामुळे उरलेल्या जवळजवळ सगळ्या मानवजातीच्या अहवालात ‘२६३ जी’ हा फरक लिहिलेला दिसतो. ‘३१५.१ सी’ सुद्धा बहुतेकांत आढळतो. सम्राज्ञीच्या ओळीत खरे वजन पहिल्या दोन चिन्हांचे आहे.

अहवालात कोणता भाग वाचला आहे, याचीही नोंद असते. प्रथिने घडवण्याचे काम नसल्यामुळे ज्या पट्ट्यात बदल टिकून राहतात, त्याला नियंत्रण विभाग म्हणतात. तो १६०२४ पासून सुरू होऊन वर्तुळ ओलांडून ५७६ पर्यंत जातो. जुन्या अहवालांत याचे फक्त दोन तुकडे वाचलेले असत, १६०२४ ते १६३६५ आणि ७३ ते ३४०. एका नमुन्याचा पूर्ण विभाग आणि दुसऱ्याचे दोनच तुकडे वाचलेले असतील, तर तुलना केवळ दोन्हीकडे वाचलेल्या भागाचीच करता येते.

चौथी पायरी: मातृवंशाची फांदी ओळखा

फरकांचे ठरावीक संच एकत्र दिसतात, कारण ते एकाच पूर्वज स्त्रीकडून आलेले असतात. अशा प्रत्येक फांदीला हॅप्लोग्रुप म्हणतात आणि तिला रोमन अक्षराचे नाव असते. युरोपात एच ही फांदी सर्वांत मोठी असून साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक तिच्यात मोडतात. तिच्याखालोखाल यू, जे, टी आणि के आहेत, आणि व्ही, आय, डब्ल्यू, एक्स या फांद्या लहान आहेत. के ही खरे तर यू या मोठ्या फांदीतूनच फुटलेली आहे.

नियंत्रण विभागावरून यांतल्या बऱ्याच फांद्या ओळखता येतात. १६०६९ टी आणि १६१२६ सी एकत्र दिसले तर जे, १६१२६ सी आणि १६२९४ टी दिसले तर टी, १६२२४ सी आणि १६३११ सी दिसले तर के, १६२७० टी असेल तर बहुधा यू-५, आणि १६२९८ सी असेल तर व्ही. झारची ओळ १६१२६ सी, १६२९४ टी, १६२९६ टी आणि ७३ जी अशी आहे, म्हणजे तो टी फांदीचा. सम्राज्ञीच्या ओळीत ‘७३ जी’ नाही. प्रमाण क्रम स्वतः एच फांदीतला असल्यामुळे ७३ वर फरक नसणे हे एच आणि तिच्या निकटच्या फांद्यांचे लक्षण आहे. निश्चित निदानासाठी नियंत्रण विभागाबाहेरची ७०२८ ही जागा पाहावी लागते, आणि सम्राज्ञी एच फांदीचीच निघते. नवशिक्यांना मी सुचवतो की हे संच पाठ करण्यापेक्षा दहा-बारा ओळी स्वतः सोडवाव्यात. त्यानंतर फायलोट्री हा तपशीलवार वंशवृक्ष उघडला की तो परका वाटत नाही.

या फांद्यांचा इतिहास रंजक आहे, पण न्यायालयात तो जपूनच वापरायला हवा. शेती येण्यापूर्वीच्या मध्य युरोपातील शिकाऱ्यांच्या अस्थींत प्रामुख्याने यू, त्यातही यू-५ सापडते. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या पहिल्या शेतकऱ्यांत एन-१-ए ही आज युरोपात अगदी क्वचित दिसणारी फांदी लक्षणीय प्रमाणात होती. १९९१ मध्ये आल्प्समधील हिमनदीत सापडलेला ‘ओट्झी’ हा पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस के फांदीचा आहे. इतक्या सरमिसळीनंतर आज पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत त्याच फांद्या थोड्याफार फरकाने त्याच प्रमाणात आढळतात. त्यामुळे ‘हा केस एच फांदीचा आहे, म्हणून संशयित जर्मन असावा’ असे विधान कोणी केले तर ते खोडून काढावे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए खंड सुचवू शकतो. युरोपच्या आतला देश तो सहसा सांगू शकत नाही.

अपवाद आहेत आणि तेच अहवाल वाचणाऱ्याला अधिक उपयोगी पडतात. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी लोकांत व्ही आणि यू-५-बी या दोन फांद्यांचाच भरणा आहे. आइसलँडच्या आद्य वसाहतीतील पुरुष प्रामुख्याने नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले होते, तर स्त्रियांचा मोठा वाटा ब्रिटिश बेटांतून आलेला दिसतो. अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यू समाजात तर सुमारे चाळीस टक्के लोकांचे मातृवंश अवघ्या चार स्त्रियांपर्यंत पोहोचतात, आणि त्या चारांपैकी तीन के फांदीच्या आहेत. म्हणजे के फांदीतली एखादी ओळ सर्वसाधारण युरोपीय संग्रहात दुर्मीळ दिसेल, पण संशयिताच्या समाजात ती गल्लोगल्ली सापडेल. वजन मोजताना हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

पाचवी पायरी: तुलना करा, पण एका फरकाने घाबरू नका

सर्वसाधारण नियम असा: दोन किंवा अधिक ठिकाणी फरक असेल तर नमुने एका मातृवंशाचे नाहीत असे म्हणता येते; एकच फरक असेल तर निष्कर्ष काढता येत नाही; फरक नसेल तर ‘एकाच मातृवंशाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही’. सी अक्षरांच्या लांब रांगेत, उदाहरणार्थ ३०९ जवळ, एखादा सी कमीजास्त असला तर तो फरक धरत नाहीत, कारण तशी लांबी एकाच व्यक्तीच्या दोन केसांतही बदलू शकते.

एका फरकाला इतकी सवलत का द्यायची, याचे उत्तर झारच्या हाडांत मिळाले. झारच्या मातृवंशातील जिवंत नातेवाइकांत १६१६९ या जागी टी होते, तर त्याच्या हाडात मुख्यतः सी दिसले. बारकाईने पाहता त्याच्यात दोन्ही अक्षरांच्या प्रती मिसळलेल्या होत्या. एकाच शरीरात दोन प्रकारच्या प्रती नांदणे, म्हणजे हेटेरोप्लाझ्मी, तेव्हा फारशी परिचित नव्हती आणि या एका अक्षरावरून बरीच शंका घेतली गेली. अखेर झारचा भाऊ गेऑर्गी याची कबर १९९४ मध्ये उघडली गेली. त्याच्यातही तेच मिश्रण मिळाले, फक्त प्रमाण वेगळे होते. जो फरक नात्याविरुद्धचा पुरावा वाटत होता, तोच नात्याचा भक्कम आधार ठरला.

इंग्लंडमधील लेस्टर शहरातील मोटारतळाखाली २०१२ मध्ये सापडलेल्या, तिथला राजा रिचर्ड तिसरा याच्या सांगाड्यातही असेच घडले. त्याच्या बहिणीच्या वंशातील दोन हयात व्यक्तींशी संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए ताडून पाहिला, तेव्हा एकीशी तो तंतोतंत जुळला आणि दुसरीशी एका अक्षराचा फरक आला. मध्ये गेलेल्या पिढ्या लक्षात घेता इतका फरक अपेक्षितच होता. त्याच अभ्यासात पितृवंशाचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. त्या शाखेत कुठेतरी वंशावळीतल्या नावाप्रमाणे पिता नव्हता. स्त्रियांची साखळी कागदाशी जुळली, पुरुषांची जुळली नाही, हे वाचून अनेक इतिहासप्रेमी खट्टू झाले असतील.

सहावी पायरी: वजन मोजा

नवखे लोक सर्वाधिक चुकतात ते इथे. केंद्रकीय डीएनएत वेगवेगळ्या जागांच्या शक्यता एकमेकींशी गुणता येतात, कारण त्या जागा प्रत्येक पिढीत नव्याने मिसळतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र अखंड गाठोड्यासारखा जातो, म्हणून संपूर्ण ओळ ही एकच गोष्ट धरून ती संग्रहात किती वेळा आढळली हे मोजावे लागते.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या न्यायवैद्यक संस्थेने चालवलेला एम्पॉप हा संग्रह २००६ पासून यासाठी खुला आहे. त्यात ओळ घालून शोधता येते आणि निवडलेल्या लोकसमूहात ती किती वेळा सापडली हे कळते. आता समजा तुमची ओळ ५,००० व्यक्तींच्या संग्रहात एकदाही सापडली नाही. ‘म्हणजे ती कोणातच नाही’ असा अर्थ होत नाही. शून्य वेळा सापडलेल्या ओळीची ९५ टक्के विश्वासार्हतेची वरची मर्यादा ढोबळपणे तीन भागिले संग्रहाचा आकार इतकी येते, म्हणजे इथे सुमारे १,६६७ जणांत एक. रिचर्ड तिसऱ्याची ओळ जे फांदीतली असून २६,१२७ युरोपीय नमुन्यांत ती मिळाली नाही. हाच हिशेब लावला तर सुमारे ८,७०० त एक येतो. आकडा चांगला आहे, पण एवढ्यावरच राजा ओळखला गेला नाही. पाठीचा वाकलेला कणा, जखमा, कालमापन आणि दफनाची जागा या सगळ्यांची त्यात भर पडली.

उलट टोकही पाहा. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत दोन जुन्या तुकड्यांची सर्वांत सामान्य ओळ, म्हणजे ‘२६३ जी, ३१५.१ सी’ एवढीच, सुमारे ७ टक्के लोकांत आढळते. चौदा जणांत एक! अशा ओळीवर ‘जुळले’ म्हटल्याने फारसे काही सिद्ध होत नाही. अशाच १८ सामान्य ओळी असलेल्या २४१ व्यक्तींचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए २००४ च्या सुमारास अमेरिकेत वाचला गेला, तेव्हा वरवर सारख्या दिसणाऱ्या लोकांना नियंत्रण विभागाबाहेरच्या जागांवरून वेगळे करता येते, हे दिसून आले. म्हणून सामान्य ओळ जुळली असेल तर संपूर्ण क्रम वाचण्याची मागणी करणे योग्य ठरते.

सातवी पायरी: चुका शोधा

प्रत्येक भाग दोन्ही दिशांनी वाचलेला आहे का, नमुना न घालता चालवलेली रिकामी नळी रिकामीच राहिली का, काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या ओळींशी तुलना झाली का, हे विचारून घ्यावे. पण सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक तपासणी चौथ्या पायरीतलीच आहे. पहिल्या तुकड्यात जे फांदीचे संच आणि दुसऱ्यात के फांदीचे संच दिसत असतील, तर तशी व्यक्ती जन्माला आलेली नसून दोन नळ्यांची अदलाबदल झालेली असते. जुन्या संग्रहांतही अशा चुका मोठ्या संख्येने सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा निव्वळ लेखनिकाच्या आहेत. मी स्वतः शिकत असताना सरावाच्या वहीत १६१२६ ऐवजी १६१६२ लिहून ठेवले होते आणि ही कोणती फांदी, हे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. तेव्हापासून पाच आकड्यांचे क्रमांक मी मोठ्याने वाचून घेतो.

आठवी पायरी: निष्कर्षाचे वाक्य लिहा

‘हा केस आरोपीचा आहे’ असे वाक्य कधीही लिहू नये. ‘केसाची आणि आरोपीची ओळ सारखी आहे, त्यामुळे हा केस आरोपीचा किंवा त्याच्या मातृवंशातील कोणाचाही असण्याची शक्यता नाकारता येत नाही, ही ओळ अमुक लोकसमूहाच्या अमुक नमुन्यांत अमुक वेळा आढळली’ असे लिहावे. लांबलचक आहे, पण उलटतपासणीत तेच टिकते.

संदर्भ नमुनाच नसेल तर काय लिहावे, याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे छळ करून मारण्यात आले आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणले. त्या मठाच्या अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला सापडलेल्या हाडाची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संशोधन केंद्रात झाली. राणीच्या मातृवंशातील कोणी हाताशी नव्हते, म्हणून फक्त फांदी पाहता आली आणि ती यू-१-बी निघाली. भारतातील २२,००० हून अधिक व्यक्तींत ती सापडली नाही. जॉर्जियातील तपासलेल्या ३० जणांत दोघांत सापडली. हे हाड भारतीय मातृवंशाच्या व्यक्तीचे असण्याची शक्यता फार कमी आहे आणि ते जॉर्जियाच्या बाजूच्या व्यक्तीचे असण्याशी हा निकाल सुसंगत आहे, एवढेच त्यातून म्हणता येते. ती व्यक्ती राणी केतेवानच, हे म्हणायला पोर्तुगीज कागदपत्रांत नोंदलेली मठातली जागा लागली. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला.